कारभारी ओ देत नाही तेव्हा

समजा, तुमचे घर आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दला आहे. पावसाळ्याची संध्याकाळ आहे. दुपारपासून गेलेली वीज नुकतीच आली आहे. तुमची ताई माजघरातल्या जुन्या संगणकापुढे येऊन बसली. पुण्यातल्या एका संस्थेचा सर्व्हर सांभाळण्याचे काम ती करते आणि आठवड्यातले काही दिवस ते घरूनच करते. नेहमीप्रमाणे तिने सर्व्हरशी जोडणी करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर अक्षरे उमटली : 'जोडणी होऊ शकली नाही.' तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच उत्तर आले.

इतक्यात पुण्याहून रात्रपाळीच्या मदतनिसाचा फोन आला. तो म्हणाला, "मॅडम, सर्व्हरची खोली उघडीच आहे. बटण दाबून बंद करू आणि परत चालू करू का?"

ताई घाईने म्हणाली, "नको, नको! अजून कशालाही हात लावू नका."

आपल्या घरचा संगणक अडला की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो आणि बहुतेक वेळा काम भागते. मग ताईने नको का म्हटले? त्या एका सर्व्हरच्या पोटात संस्थेची वीस यंत्रे चालू होती. एकावर कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशेब चालला होता. दुसऱ्यावर तीन दिवसांपासून एक लांबलचक आकडेमोड सुरू होती आणि ती संपायला अजून एक रात्र हवी होती. बटण दाबले असते तर हे सारे एका क्षणात खाली बसले असते.

एका यंत्राच्या पोटात वीस यंत्रे कशी मावतात आणि दूरचे यंत्र बोलेनासे झाले तर दोष कसा शोधायचा, हे या लेखात पाहू.

एका वाड्यात वीस बिऱ्हाडे

संगणकाचा प्रोसेसर फार वेगवान असतो. एक काम तो चटकन उरकतो आणि बराच वेळ पुढच्या कामाची वाट पाहत रिकामा बसतो. प्रत्येक कामाला वेगळा संगणक घेतला तर वीस संगणक, वीस जागा आणि विजेचे वीस खर्च! त्यापेक्षा एकच मोठे यंत्र घेऊन ते अनेकांना वाटून का देऊ नये?

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे आय.बी.एम. कंपनीच्या तंत्रज्ञांनी सी.पी.-४० नावाची प्रणाली तयार केली आणि १९६७ साली ती वापरात आली. एका मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करीत आणि प्रत्येकाला वाटे की, सबंध संगणक आपल्या एकट्याचाच आहे. १९७२ साली त्याच कंपनीने व्ही.एम./३७० ही प्रणाली जाहीर केली. पुढे हे तंत्र लहान संगणकांवरही आले. २००७ साली लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यातच के.व्ही.एम. नावाची अशी सोय समाविष्ट झाली.

या तंत्रात मूळ यंत्रावर एक खास आज्ञावली बसवतात. तिला हायपरव्हायझर म्हणतात. ती मूळ यंत्राची मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि डिस्कवरील जागा यांचे वाटे करते. प्रत्येक वाट्यावर एक 'आभासी यंत्र' चालते. त्या यंत्राला आपली स्वतःची मेमरी आहे, डिस्क आहे, नेटवर्कचे कार्ड आहे असेच दिसते. शेजारच्या यंत्राची मेमरी त्याला दिसत नाही. मूळ यंत्राजवळ २५६ गिगाबाइट मेमरी असेल आणि प्रत्येक आभासी यंत्राला ८ गिगाबाइट दिली, तर वीस यंत्रांना १६० गिगाबाइट लागतील. उरलेली मेमरी हायपरव्हायझरच्या स्वतःच्या कामाला आणि अडीअडचणीला राहील.

जुन्या पुण्यातला एखादा वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एक, पण आत बिऱ्हाडे वीस. प्रत्येकाची चूल वेगळी, प्रत्येकाचे कुलूप वेगळे. नवे बिऱ्हाड आले तर खोली उघडून देणे, गेले तर ती रिकामी करून घेणे, कोणाला किती जागा दिली ते वहीत लिहिणे ही कामे वाड्याचा कारभारी करतो. आपल्या सर्व्हरमध्येही असा एक कारभारी असतो. दुरून आलेले निरोप ऐकायचे आणि 'अमुक यंत्र चालू कर, तमुक यंत्राला मेमरी वाढवून दे' या आज्ञा अमलात आणायच्या, हे त्या व्यवस्थापन आज्ञावलीचे काम.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कारभारी हाकेला ओ देत नाही, म्हणून आतली बिऱ्हाडे उपाशी बसत नाहीत! त्यांच्या चुली पेटलेल्या असतात. तसेच इथेही आहे. ताईचा निरोप पोचत नव्हता, एवढेच तिला कळले होते. यंत्रे बंद पडली आहेत असे कोणीच सांगितले नव्हते. निरोप न पोचणे आणि काम थांबणे या दोन वेगळ्या घटना आहेत. बटण दाबायला निघालेला माणूस नेमकी इथेच गल्लत करतो.

खोडदच्या तबकड्या

दुरून यंत्र चालवण्याचे एक भव्य उदाहरण अवसरीच्या शेजारच्या तालुक्यातच आहे. मंचरहून पुढे नारायणगावला जावे आणि तेथून पूर्वेकडे वळून खोडदची वाट धरावी. शेतांच्या मधून प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. ही जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण. प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्यात ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात जवळजवळ आहेत आणि बाकीच्या १६ तीन दिशांना फाटलेल्या हातांवर पसरल्या आहेत. सारा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा आहे.

प्रत्येक तबकडी फिरवायला माणूस तिच्यापाशी जात नाही. नियंत्रण कक्षातून काचेच्या तंतूंवाटे, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, आज्ञा जाते आणि तबकडीकडून तिची स्थिती परत कळवली जाते. आज्ञा पाठवली म्हणजे काम झाले असे इथे धरता येत नाही. तबकडी खरोखर त्या कोनाला वळली का, याचे उत्तर परत यावे लागते. समजा, दूरच्या एका तबकडीकडून उत्तरच आले नाही. मोटार अडली असेल? वीज गेली असेल? की तबकडी ठीक असून केवळ तंतू तुटला असेल? शांतता एकच, पण तिची कारणे अनेक. ती वेगळी करता आली तरच कोणी, कोणते सामान घेऊन, कुठे जायचे हे ठरवता येते.

ताईपुढेही हाच प्रश्न होता. तिने तो कसा सोडवला, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : क्षेत्र अर्धे करा

अवसरीतला संगणक आणि पुण्यातला कारभारी यांच्यामध्ये किती गोष्टी येतात? संगणक, त्याची वायर, घरातला राउटर, इंटरनेट देणाऱ्या कंपनीची यंत्रणा, पुण्यातली फायरवॉल, तिथला स्विच, सर्व्हर आणि शेवटी कारभारी. दोष यांपैकी कुठेही असू शकतो. एका टोकापासून एकेक वस्तू तपासत गेलो तर वेळ फार जाईल. म्हणून असा प्रश्न विचारावा की, ज्याच्या उत्तराने संशयाचे क्षेत्र निम्मे होईल. सोळा जागांचा संशय असेल तर एकेक तपासताना सोळापर्यंत फेऱ्या होऊ शकतात. दरवेळी निम्म्या जागा बाद करता आल्या तर १६, ८, ४, २, १ असे चारच प्रश्न पुरतात.

ताई तुम्हाला म्हणाली, "तुझ्या मोबाइलवर आमच्या संस्थेचे संकेतस्थळ उघडून बघ रे."

तुम्ही उघडले. पान लगेच आले. हे संकेतस्थळ त्याच सर्व्हरमधल्या एका आभासी यंत्रावर चालते, हे ताईला ठाऊक होते. म्हणजे सर्व्हरला वीज आहे, मूळ यंत्र चालू आहे, निदान एक बिऱ्हाड तरी नांदते आहे आणि संस्थेतून बाहेर येणारी वाट मोकळी आहे. मिनिटभरात अर्धा प्रदेश बाद झाला! मदतनिसाने बटण दाबणे किती चुकीचे ठरले असते, तेही येथे स्पष्ट झाले.

दुसरी पायरी : नाव आणि नंबर

आपण सर्व्हरला नावाने हाक मारतो, पण नेटवर्कमधले संदेश नंबरवर जातात. या नंबराला आय.पी. पत्ता म्हणतात. नावावरून नंबर शोधून देणाऱ्या यंत्रणेला डी.एन.एस. म्हणतात. ही नोंद जुनी झाली असेल तर आपण भलत्याच यंत्राचे दार ठोठावत बसतो.

अवसरीच्या मुलांना हे चटकन कळेल. या भागात अवसरी खुर्द आहे, तशीच अवसरी बुद्रुकही आहे. पाकिटावर नुसते 'अवसरी' लिहिले तर पोस्टमनने ते कुठे द्यावे? आपण पत्र टाकले, उत्तर आले नाही, म्हणून मित्र रुसला असे समजलो. पण पत्र भलत्याच गावी जाऊन पडले होते!

ताईने नावावरून येणारा नंबर काढला आणि आपल्या वहीतल्या नंबराशी ताडून पाहिला. दोन्ही एकच होते. हाही संशय मिटला.

तिसरी पायरी : वाट चालू आहे का?

आता ताईने 'पिंग' ही आज्ञा दिली. ही छोटी आज्ञावली माइक म्यूस या अमेरिकन तंत्रज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुड्या शोधताना पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या ठोक्याच्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. पिंग दूरच्या यंत्राकडे एक लहानसा संदेश पाठवते आणि तो परत यायला किती वेळ लागला ते सांगते.

ताईच्या पडद्यावर उत्तर आले : ९ मिलिसेकंद. म्हणजे तिच्या संगणकापासून पुण्यापर्यंतची वाट चालू होती.

इथे एक गणित करून पाहा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. तंतूची लांबी ७० किलोमीटर धरली तर जायला ०.३५ मिलिसेकंद आणि परत यायला तेवढाच वेळ, म्हणजे एकूण ०.७ मिलिसेकंद पुरावेत. मग ९ का लागले? तंतू सरळ रेषेत घातलेले नसतात. संदेश पुष्कळदा दूरच्या शहराला वळसा घालून येतो. शिवाय वाटेतले प्रत्येक यंत्र त्याला घेते, पत्ता वाचते आणि पुढे सोडते. त्यातही वेळ जातो.

पिंगच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. उत्तर आले तर वाट आहे हे नक्की. उत्तर आले नाही तर मात्र यंत्र मेले असे म्हणता येत नाही. पुष्कळ ठिकाणी फायरवॉल पिंगचे संदेश मुद्दाम अडवते. होकार हा पुरावा आहे. मौन हा पुरावा नाही.

चौथी पायरी : दार आणि त्याची तीन उत्तरे

वाड्यापर्यंत पोचलो. आता कारभाऱ्याचे दार कोणते? एका आय.पी. पत्त्यावर अनेक सेवा चालू असतात. त्यांना वेगवेगळे क्रमांक दिलेले असतात. या क्रमांकांना पोर्ट म्हणतात. क्रमांक लिहायला १६ बिट वापरतात. म्हणून ० ते ६५,५३५ असे ६५,५३६ क्रमांक होतात. सुरक्षित संकेतस्थळांचे दार ४४३ क्रमांकाचे असते. लिनक्सवर दुरून आज्ञा देण्यासाठी २२ क्रमांक वापरतात. विंडोजच्या सर्व्हरचे दुरून व्यवस्थापन सहसा ५९८५ आणि ५९८६ या दारांतून चालते. लिनक्सवर आभासी यंत्रांचा कारभार पाहणाऱ्या लिबव्हर्ट या आज्ञावलीचे सुरक्षित दार १६५१४ आहे. ताईचा कारभारी हाच होता.

दार ठोठावल्यावर तीन प्रकारची उत्तरे येतात.

पहिले, दार उघडते. आपला संगणक म्हणतो, 'बोलू का?' पलीकडचा म्हणतो, 'बोला, ऐकू येते ना?' आपला म्हणतो, 'येते.' या तीन संदेशांनंतरच खरे संभाषण सुरू होते.

दुसरे, 'जोडणी नाकारली' असा निरोप तत्काळ येतो. हे वाचून पुष्कळ जण निराश होतात. वास्तविक ही बरी बातमी आहे! बहुतेक वेळा याचा अर्थ असा की, संदेश यंत्रापर्यंत पोचला, यंत्र जिवंत आहे, पण त्या दारामागे ऐकणारे कोणी नाही. म्हणजे वाट तपासण्याचे कारण नाही. कारभाऱ्याची आज्ञावली बंद पडली आहे का, ते पाहायचे.

तिसरे, बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी 'वेळ संपली' असा संदेश आपलाच संगणक दाखवतो. इथे निरोप वाटेत हरवला, फायरवॉलने तो मुकाट्याने टाकून दिला, किंवा त्या पत्त्यावर यंत्रच नाही. आता शोध वाटेचा घ्यायचा.

पाहा, तिन्ही वेळी वापरणाऱ्याला वरवर एकच ओळ दिसते : 'जोडणी होऊ शकली नाही.' पण नकार आणि मौन यांतला फरक ज्याला कळतो, त्याचे निम्मे काम होते.

ताईने १६५१४ हे दार ठोठावले. ते उघडले! वाट चांगली, यंत्र चांगले, कारभारीही जागा. मग अडले कुठे?

पाचवी पायरी : ओळख

दार उघडल्यावर दोघांनी एकमेकांना ओळख पटवायची असते. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर त्याचे नाव असते आणि दोन तारखाही असतात : कधीपासून ग्राह्य आणि कधीपर्यंत. नाव जुळले नाही किंवा आजची तारीख या दोहोंच्या बाहेर पडली, तर आपला संगणक बोलणे तोडतो. हे योग्यच आहे. नाही तर कोणीही मधे उभा राहून 'मीच कारभारी' म्हणेल आणि आपला पासवर्ड घेऊन जाईल.

ताईने सविस्तर संदेश दाखवण्याची आज्ञा दिली. आता नेमके वाक्य आले : 'या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही.'

प्रमाणपत्र तर गेल्या वर्षीपासून रोज चालत होते. मग आजच त्याची मुदत सुरू झाली नाही, असे कसे? ताईने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले आणि ती हसू लागली. तिथे तारीख होती १ जानेवारी २०१५!

झाले होते ते असे. टेबलावरच्या संगणकात मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. संगणकाची वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. तिचा नमुना बहुधा सी.आर. २०३२ असतो. त्यातल्या २० या आकड्याने व्यास २० मिलिमीटर आणि ३२ ने जाडी ३.२ मिलिमीटर असे समजते. दाब ३ व्होल्ट. ही बॅटरी काही वर्षांनी संपते. ताईच्या संगणकातली संपली होती. एरवी तो सतत विजेला जोडलेला असल्यामुळे कळले नव्हते. दुपारी वीज गेली तेव्हा घड्याळ थांबले आणि वीज आल्यावर संगणक आपल्या कारखान्यातल्या तारखेपासून दिवस मोजू लागला. चूक अनेक वर्षांची असली की काही प्रणाली घड्याळ आपोआप जुळवून घेत नाहीत.

ताईने तारीख आणि वेळ बरोबर केली. पुन्हा आज्ञा दिली. क्षणात वीसही आभासी यंत्रांची यादी पडद्यावर आली. सारी सुखरूप चालू होती. दोष पुण्यात नव्हताच. तो अवसरीत, ताईच्या गुडघ्यापाशी ठेवलेल्या डब्यात होता!

घड्याळ चुकले की जोडण्या तुटतात, हा प्रकार दुर्मीळ नाही. मोठ्या कार्यालयांत कर्बेरॉस नावाची ओळख पटवण्याची पद्धत वापरतात. तिच्यात दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की, सर्वसाधारणपणे ओळख नाकारली जाते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ अशा वेळी दोन्हीकडची घड्याळे आधी पाहून घेतो.

दोन सोपे आणि वाईट उपाय

दोष दुसरीकडे असता तर? समजा, दार नाकारले गेले असते, म्हणजे कारभाऱ्याची आज्ञावली अडली असती. तरीही सबंध सर्व्हर बंद करण्याचे कारण नव्हते. लिबव्हर्टसारखी आज्ञावली तेवढी थांबवून पुन्हा चालू करता येते आणि आतली आभासी यंत्रे त्या वेळी चालूच राहतात. कारभारी बदलायला वाडा पाडावा लागत नाही.

दुसरा मोह फायरवॉलचा. 'फायरवॉल काढून टाका, मग चालेल' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कधीकधी ते खरोखर चालतेही. पण कारभाऱ्याचे दार म्हणजे वीसही खोल्यांच्या किल्ल्या. ते साऱ्या जगाला उघडे टाकले तर एका रात्रीत कोणीही येऊन सगळी यंत्रे पुसून जाईल. फायरवॉल अडवत असेल तर ज्या पत्त्याला आणि ज्या दाराला परवानगी हवी, तेवढीच द्यावी.

सर्वांत मोठा धडा

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र तुमच्या आईबाबांना आठवत असेल. रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाएकी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. पुढे कंपनीनेच कारण सांगितले. देखभालीच्या कामात आपल्या जगभरच्या मुख्य जाळ्याची क्षमता मोजण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिने त्या जाळ्याच्या सगळ्याच जोडण्या तोडल्या. अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणीच्या आज्ञावलीतही दोष होता. मग कंपनीच्या डी.एन.एस. सर्व्हरांनी आपला पत्ता जगाला सांगणे थांबवले. नावावरून नंबर मिळेना. दुरून दुरुस्ती करायची तर वाट तीच, आणि नेमकी तीच तुटलेली! तंत्रज्ञांची नेहमीची साधने बंद पडली आणि अडचणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालेना. शेवटी माणसांना यंत्रांपाशी प्रत्यक्ष जावे लागले.

ज्या फांदीवर बसायचे तीच तोडू नये, हे आपण शेखचिल्लीच्या गोष्टीत ऐकतो. दुरून यंत्र सांभाळणाऱ्याला ती गोष्ट रोज आठवावी लागते. नेटवर्कचा कोणताही बदल करण्यापूर्वी तो विचारतो, 'हा बदल चुकला तर तो मागे घ्यायला मी आत कसा येणार?'

यासाठी चांगल्या सर्व्हरमध्ये मदरबोर्डवरच एक लहानसा स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी विजेची तार जोडलेली असेपर्यंत तो जागा असतो. त्याच्यामार्फत दुरून पडदा पाहता येतो, यंत्र चालू-बंद करता येते, तापमान कळते. अशा सोयीसाठी १९९८ साली आय.पी.एम.आय. नावाचे प्रमाण ठरवण्यात आले. हे वाड्याचे मागचे दार. त्याची वाट मुख्य वाटेपासून वेगळी हवी, कुलूप पक्के हवे आणि ते उघडते की नाही हे अधूनमधून पाहायलाही हवे. गरज पडेल त्याच दिवशी पहिल्यांदा उघडायला गेलो तर कुलूप गंजलेले निघायचे!

करून पाहा

शाळेच्या संगणक कक्षात, शिक्षकांच्या परवानगीने, एकाच जाळ्यात जोडलेले दोन संगणक घ्या.

१) पहिल्या संगणकावरून १२७.०.०.१ या पत्त्याला पिंग करा. हा पत्ता नेहमी स्वतःचाच असतो. यातून आपल्या संगणकाची नेटवर्कची आज्ञावली ठीक आहे, हे कळते. पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करायचा.

२) आता दुसऱ्या संगणकाच्या पत्त्याला पिंग करा. किती मिलिसेकंद लागले ते दहा वेळा लिहून सरासरी काढा. उत्तर आलेच नाही, तर त्या संगणकाची फायरवॉल पिंग अडवते का, ते शिक्षकांना विचारा.

३) दुसऱ्या संगणकाची नेटवर्कची वायर काढा आणि पुन्हा पिंग करा. संदेश काय येतो? तो कोणत्या पत्त्यावरून आला हे नीट वाचा. विंडोज असेल तर 'यंत्रापर्यंत पोचता येत नाही' हे उत्तर पुष्कळदा तुमच्या स्वतःच्याच संगणकाच्या पत्त्यावरून आलेले दिसेल. म्हणजे दूरचे यंत्र काही बोललेले नाही. आपलाच संगणक सांगतो आहे की, मला ते सापडले नाही.

४) वहीत तीन रकाने पाडा : काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि जोडणी झाली, तर कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

अवसरी खुर्दला २००९ सालापासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आज शाळेत असलेल्या तुमच्यापैकी काही जण उद्या अशाच एखाद्या महाविद्यालयातून शिकून दूरच्या सर्व्हरांचे कारभार पाहतील. तेव्हाची यंत्रे आणि दारांचे क्रमांक कदाचित बदललेले असतील. परंतु उत्तर आले नाही म्हणजे यंत्र बंद पडले असे समजू नये, ही ताईने पाळलेली शिस्त तेव्हाही उपयोगी पडेल.

आणि हो, त्या रात्रीची तीन दिवसांची आकडेमोड सकाळी वेळेवर पूर्ण झाली. ताईने दुसऱ्या दिवशी मंचरहून नवी बॅटरी आणून बसवली.